तालुक्याच्या दवाखान्यात गर्दच्या व्यसनावरचा उपचार मिळायला हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, पुड्यांसह तरुण पकडले गेल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्याच्या पानावर आता वरचेवर येतात. पकडलेल्या किंवा सुटलेल्या मुलाचे पुढे काय होते ते बातमीत येत नाही. ते आमच्यासारख्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दिसते. देवगड तालुक्यात सत्तावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना जे पाहिले, आणि जे मला करता आले नाही, त्याविषयी हे पत्र आहे.

काही वर्षांपूर्वी, मासेमारी बंदीच्या दिवसांत, ट्रॉलरवर खलाशी असलेल्या सव्वीस वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. नाकाडोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पोटात पिळवटून कळा आणि जुलाब अशी त्याची अवस्था होती. नशा न मिळाल्यावर होणाऱ्या ज्या त्रासाला गर्द घेणारे ‘टर्की’ म्हणतात, तीच ही. कंबरदुखीसाठी घेतलेल्या गोळ्यांपासून सुरुवात होऊन तो गर्दपर्यंत पोहोचला होता. “डॉक्टरांनू, माझ्या झिलाक वाचवा,” एवढेच ती माउली पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी सलाइन लावले, कळा थांबवण्याचे इंजेक्शन दिले आणि चिठ्ठी लिहून त्याला रत्नागिरीला पाठवले. तो एकदा जाऊन आला. ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरल्यावर दिवस मोडून एसटीने रत्नागिरी गाठणे त्याला जमले नाही. पुढे घरच्यांनी कर्ज काढून त्याला परजिल्ह्यातील एका खाजगी केंद्रात ठेवले. तिथे तीन महिने तो कोंडलेला होता, औषध काहीच नव्हते. अंगाने भरून, हसतमुख परत आला आणि चौथ्या दिवशी पूर्वीइतकीच मात्रा घेऊन झोपला तो उठला नाही. नशा काही आठवडे बंद राहिली की शरीराची ती पचवण्याची सवय मोडते आणि जुनी मात्रा जीव घेते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. त्याच्या आईला ते सांगून ठेवायला हवे होते, हे मात्र मला त्या वेळी सुचले नाही.

या आजारावर औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी मेंदूत गर्दसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्याच जागी जाऊन बसते, पण तिचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका गर्दच्या मानाने पुष्कळ कमी असतो. तिच्यात नॅलोक्सोन हे अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम रोखणारे औषध मिसळलेले असते. गोळी जिभेखाली ठेवली तर ते जवळजवळ शोषले जात नाही, पण कोणी ती विरघळवून टोचून घेतली तर ते नशा रोखते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच मेथाडोन (याच व्यसनावरचे दुसरे औषध) आणि ब्युप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. असे उपचार चालू असताना रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण उपचाराबाहेर असलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी राहते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

मात्र हे औषध हाताळायला शिकावे लागते. पहिली गोळी टर्की स्पष्ट दिसू लागल्यावरच द्यायची असते, म्हणजे गर्द घेऊन साधारण बारा तास उलटल्यावर. घाई केली तर औषधच टर्की ओढवते आणि होरपळलेला रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर फार जपावे लागते. यात एमबीबीएस डॉक्टरला न समजण्यासारखे काहीही नाही, पण आमच्या पिढीला हे कोणी शिकवले नाही.

फ्रान्सने १९९६ च्या सुमारास साध्या फॅमिली डॉक्टरांना हे औषध लिहिण्याची मुभा दिली आणि १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने २००० साली कायदा करून आठ तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना आपल्या दवाखान्यात हा उपचार करण्याची परवानगी दिली, पण सुरुवातीला प्रत्येकी ३० रुग्णांची मर्यादा घातली. ती मर्यादा पुढे १०० आणि २७५ झाली, आणि २०२२ च्या डिसेंबरात ती वेगळी परवानगीच रद्द करण्यात आली. तिथला एक अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षण घेऊनही कितीतरी डॉक्टरांनी मोजकेच रुग्ण घेतले, कारण अडचण आली तर विचारायला जवळ कोणी नव्हते. प्रमाणपत्राइतकीच फोन उचलणाऱ्या अनुभवी माणसाची गरज असते.

आपल्याकडे ही गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. तिचा पुरवठा व्यसनमुक्ती केंद्रांपुरता आहे. या सावधगिरीला कारण आहे. याच औषधाची इंजेक्शने टोचून घेण्याचे व्यसन आपल्या देशाने पाहिले आहे, त्यामुळे औषध बाहेर झिरपेल ही भीती मी उडवून लावणार नाही. त्यावर नोंदणी, सुरुवातीला समोर गोळी देणे आणि हळूहळू घरी न्यायची मुभा असे उपाय आहेत. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून हेच काम मोठ्या प्रमाणावर चालवले आहे. ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. योग्य मात्रेवर असलेला माणूस झिंगत नाही. तो जाळी ओढतो, घरी पैसे देतो, मुलाला शाळेत सोडतो.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज आहे. सगळ्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ देशात नाहीत, कोकणात तर नाहीतच. म्हणून ओरोस आणि रत्नागिरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी तालुक्यातील सरकारी व खाजगी डॉक्टरांसाठी हे प्रशिक्षण सुरू करावे आणि प्रत्येक प्रशिक्षित डॉक्टरला निदान वर्षभर दूरध्वनीवर सल्ला देणारा तज्ज्ञ नेमून द्यावा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आम्हाला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावेच लागतात. त्यांत हे प्रशिक्षण धरले तर डॉक्टर आपणहून येतील. औषधाचा पुरवठा ग्रामीण रुग्णालयांतून व्हावा, आणि प्रशिक्षित खाजगी डॉक्टरांना नोंदणी करून तो कसा देता येईल याचा शासनाने निर्णय घ्यावा.

पहिली तुकडी मेपर्यंत तयार व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशी घरी असतात, आणि पहिली गोळी देऊन मात्रा बसवण्यासाठी आम्हाला तेवढेच दोन महिने हाताशी मिळतात.

आपला,
देवगड तालुक्यातील एक फॅमिली डॉक्टर