कांडीवाल्या अण्णांना, चारचौघांत आभार

आदरणीय अण्णा,

स. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "दुकानात माणूस थांबलाय" म्हणत चपला घालता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. आता कुठे जाल?

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. मी पोस्टातून निवृत्त झालेली, माहेर बार्शीचं. निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणींनी भिशी धरली, कुणी भजनी मंडळ धरलं. मी आगगाडी धरली. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला जी पहिली छोटी लाइन सुरू झाली, त्या बार्शी लाईट रेल्वेचं इंजिन आणि डबे मी घरच्या टेबलावर 1:48 या प्रमाणात करते. म्हणजे खरं चार फुटांचं ते माझ्याकडे एका इंचाचं. पुढे ही लाइन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. लहानपणी मी ज्या गाडीत बसले तिची इंजिनं नंतरच्या काळातली, पण करायचं तर पहिलंच करायचं असा माझा हट्ट. मला त्याचं तयार किट मिळालं नाही, त्यामुळे प्लॅस्टिकची पातळ शीट आणायची, कापायची, चिकटवायची, घासायची आणि रंगवायची. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. 48 ने भागलं की जेमतेम 15.9 येतात, आणि बाजारात एचओ या मापाचे, म्हणजे खेळण्यातल्या छोट्या गाड्यांचे, रूळ मिळतात 16.5 चे. अर्ध्या मिलिमीटरसाठी या वयात रूळ ठोकत बसणार नाही. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं.

हे सगळं छान चाललेलं असताना उजव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. आधी ब्लेड धरताना, मग ब्रश धरताना, मग रंगाच्या बाटलीचं झाकण फिरवताना. बरणी उघडायला शेजारच्या मुलाला हाक मारायची, हे मला फार लागलं. तपासणीत निघालं की मुळाशी जो सांधा असतो तो झिजलाय. बायकांना उतारवयात हे जास्त होतं म्हणे. ज्यांना दाखवलं त्यांनी सल्ला दिला, "छंद बदला, टीव्ही बघा." व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीने मात्र नीट समजावलं: बोटांच्या टोकाशी चिमटीत 1 किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी तो 12 किलोच्या आसपास जाऊन बसतो. वस्तू जितकी बारीक, तितकी चिमूट घट्ट आवळावी लागते. आणि माझं तर सगळं कामच बारीक वस्तूंचं!

अण्णा, तुम्ही त्या दिवशी आमच्या ओसरीवर कूलरची मोटर बघायला आला होतात. मी ब्रशच्या दांड्याला चिंधी आणि रबरबँड गुंडाळून डब्याची खिडकी रंगवत होते. तुम्ही मोटर बाजूला ठेवून माझ्या हाताकडे बघत बसलात. नंतर म्हणालात, "अक्का, हात काय बारीक करता येत नाही. दांडा जाड करू." (तुम्ही मला अक्का म्हणता, मी तुम्हाला अण्णा. दोघांत मोठं कोण, हे अजून कुणी काढलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी पिशवीभर कांड्या आणल्यात. सोलापूरच्या साखर पेठेतल्या मागांवर तुमचं आयुष्य गेलं, तुम्हाला कांडी म्हणजे काय हे मी सांगायला नको. पण ज्यांनी माग पाहिला नाही त्यांना सांगते. आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा, आणि धोट्यात बसते ती लाकडी कांडी, जिच्यावर ते आडवणाचं सूत भरलेलं असतं. आता रॅपियर नावाचे नवे माग आले, त्यांना धोटाही लागत नाही आणि कांडीही. त्यामुळे जुन्या कांड्या पोत्यांनी पडून असतात, बंबात जातात. तुम्ही आणलेल्या कांड्या तेलाने काळ्या पडलेल्या, हातात घेतल्या की गुळगुळीत. टोकाकडे निमुळत्या, बुडाशी जाड, बुडाला धातूची कडी. अंगावर सूत घसरू नये म्हणून बारीक खाचा. आणि आतून पोकळ! त्या पोकळीत तुम्ही माझा शून्य नंबरचा ब्रश घातलात, भोवती सुताचा बोळा ठासलात, दोनदा हलवून बघितलात आणि माझ्या हातात दिलात. खाचांमुळे तो दाबून धरावाच लागत नाही, मुठीत नुसता टेकतो. जोर अंगठ्याकडून तळव्याकडे गेला. तीन फुटी मागाची कांडी वेगळी, पाच फुटीची वेगळी, असं बघून तुम्ही ब्रशला एक, ब्लेडला दुसरी, कानशीला तिसरी लावलीत. कांड्या उभ्या ठेवायला खिळ्यांची फळीही. ब्रशची टोकं आता टेबलावर घासत नाहीत. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

पण खरं काम रिव्हेटचं. इंजिनाच्या पाण्याच्या टाकीवर रिव्हेटच्या ओळीच ओळी असतात. त्या करायच्या म्हणजे शीट उलटी ठेवून मागून बोथट सुई दाबायची, की पुढे दाणा उमटतो. एका बाजूला शेकड्यांनी दाणे, आणि प्रत्येक दाण्याला अंगठा. हे काम मी बाजूलाच ठेवून दिलं होतं. तुम्ही विचारलंत, "मागावर जोर कोण लावतं? पाय की हात?" आणि हातमागाच्या पायडलचा एक तुकडा, सायकलच्या ब्रेकची तार, एक स्प्रिंग आणि शिवणाची सुई यांतून ते यंत्र उभं केलंत. टेबलाखाली पाय दाबला की तार ओढली जाते, वरचा दांडा खाली येतो, सुई टेकते, पाय सोडला की स्प्रिंग तिला उचलते. हाताने फक्त शीट पट्टीच्या खुणेवरून पुढे सरकवायची. पहिला दाणा उमटला तेव्हा मी दुसरा उमटवायच्या आधी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही चहात बिस्किट बुडवत होतात. कौतुक करून घ्यायची सवय नाही तुम्हाला, पण निदान बघायचं तरी.

तुमच्यामुळे मला एक गोष्ट कळली, आणि तीही गाडीकडूनच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या ज्या इंजिनिअरने बार्शीची लाइन उभी केली, त्याचा एक नियम होता: कुठल्याही ॲक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. रूळ हलके, लाइन स्वस्तातली. मग तेवढ्यासाठी इंजिन लहान करायचं का? नाही. चाकं वाढवायची. लीड्सच्या किटसन कंपनीकडून आलेल्या त्या पहिल्या इंजिनाला आठ चालती चाकं आणि मागे आणखी चार होती. वजन तेच, फक्त वाटून घेतलेलं. ही ओळ मी कितीदा वाचली होती, इंजिनाची चाकं मोजताना कामी आली, पण माझ्या हातासाठी कधी वाचली नव्हती. मला सल्ला मिळाला तो ओझं कमी करायचा. तुम्ही ते तळव्याला, मनगटाला आणि पायाला वाटून दिलंत.

सांधा बरा झाला, असं मी लिहिणार नाही, तो झिजलेलाच आहे. संक्रांतीच्या आसपास, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी बोटं उघडतच नाहीत. तव्यावर गरम केलेल्या ज्वारीची पुरचुंडी धरून बसावं लागतं. मे महिन्यात उलटं. बोटं मोकळी असतात पण दुपारी ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, टेबलावर येईपर्यंत त्याची साय झालेली असते. पंखा लावला तर अजून लवकर, बंद केला तर मी वाळते. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री जेवणानंतर रंग, थोडं रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा वाळवणारं औषध, मिसळून. आणि रोज थोडं. अर्धा तास झाला की हात खाली ठेवायचा, मग भलेही खिडकीची एक चौकट राहिलेली असो.

पैशांबद्दल तुम्ही काही ऐकत नाही. "एमी लेदु अक्का, कांडीला काय भाव?" म्हणता (एमी लेदु म्हणजे तेलुगूत काही नाही). कांडीला नसेल, पण जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, डोक्याला आहे, आणि ज्या कारखान्यांनी तुम्हाला धोट्याच्या मागांबरोबर घरी बसवलं त्यांना तो कळला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. तुमचीही बोटं वाकलेली मी पाहिलीत. विचारलं की "मागाने खाल्ली" एवढंच म्हणता. ज्वारीची एक पुरचुंडी तुमच्यासाठीही शिवून ठेवलीय, घेऊन जा. नाही म्हणायचं नाही.

आणि येणारच आहात तर कामाचं सांगते. टाकीच्या डाव्या बाजूचे रिव्हेट झालेत, उजवीकडचे अर्धे राहिलेत. स्प्रिंग सैल पडलीय, सुई वर यायला वेळ लावते आणि कधी एकाच जागी दोन दाणे उमटतात. धुरांड्याची वरची टोपी लेथवर करून मिळेल का, तेही विचारायचंय, पितळेची, 9 मिलिमीटर व्यासाची. रविवारी सकाळी दहानंतर या, त्याआधी माझी बोटं उठलेली नसतात.

आपली,
अक्का