दिवा काहून लावला?

नागपूर, ११ मे २०२५

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

परवा चंडीगडला भोंगा वाजला आणि तू बोलता बोलता फोन ठेवलास. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. काल संध्याकाळी पाकिस्तानशी चाललेला गोळीबार थांबल्याचं कळलं, तेव्हा कुठे कूलरसमोर आडवी झाले. नात विचारत होती, 'आजी, तू कॉलेजात असताना युद्ध झालं, तेव्हा तुम्ही काय करायचात?' फोनवर ते सांगून होत नाही, म्हणून लिहिते. तिला वाचून दाखव.

खरं सांगू? आम्ही मजा केली.

१९७१ च्या डिसेंबरात मी मॉरिसला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजचं नाव बदलून नागपूर महाविद्यालय झालेलं, पण बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, तसं कोण म्हणतो! राहायला धरमपेठेत मामांकडे. ३ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले. मध्यरात्र उलटल्यावर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. मामांनी सगळ्यांना उठवून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मामींनी मैद्याची खळ शिजवली आणि उजेड बाहेर दिसू नये म्हणून आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले. मामा म्हणत, 'इथवर यायला त्याच्या विमानात पेट्रोल तर पुरलं पाहिजे!' पण कागदाच्या फटी स्वतः बोट फिरवून तपासायचे.

सोनेगावच्या विमानतळावर त्या काळी मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून टपालाची विमानं यायची, पिशव्यांची अदलाबदल करून परत जायची. एरवी त्या घरघरीनं कोणी कूसही बदलत नसे. आता आभाळात जरा आवाज झाला की मामी 'रामरक्षा' पुटपुटायला लागत.

सायकलचा तर उलटाच न्याय झाला. आधी दिवा नसला की झाशी राणी चौकात पोलीस अडवायचा. एका संध्याकाळी त्यानं दिवा होता म्हणून अडवलं. 'ओ बाई, दिवा काहून लावला?' मी डायनॅमो वर उचलला आणि अंधारात घरापर्यंत एकटीच हसत गेले. एकोणिसाव्या वर्षी अंधाराची भीती वाटत नाही, निदान मला तरी वाटली नाही.

काटोलला बाबांना पत्र टाकायचं तर १५ नोव्हेंबरपासून पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लागायचं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असं छापलेलं होतं. बांगलादेशातून कोटीभर माणसं आपल्याकडे आली होती, त्यांच्यासाठी. बाबांनी लिहिलं, 'पैशांची मागणी करायलाही आता पाच पैसे जास्त!'

जवानांसाठी आम्ही मोजे विणायला घेतले. माझी टाच काही केल्या वळेना. एक मोजा वीतभर, दुसरा त्याहून चार बोटं लांब. तसाच जोड दिला पाठवून. कोणाच्या पायात गेला असेल, देव जाणे.

माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण मात्र मोजे उसवायची आणि पुन्हा विणायची. तिचा भाऊ फौजेत होता. पत्ता नुसता '५६ ए. पी. ओ.', म्हणजे फौजेचं टपालघर. त्यावरून तो पूर्वेला आहे की पश्चिमेला, काही कळायचं नाही. ९ तारखेला आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. ती बातमी कळली तेव्हा मी तिला म्हटलं, 'अगं, तुझा भाऊ काही नौदलात नाही.' समजूत घालायला म्हटलं मी! तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सुई पुन्हा पहिल्या टाक्यात घातली.

१६ तारखेला ढाका पडलं. आदल्याच दिवशी 'लोकमत' नागपुरातून दैनिक म्हणून निघू लागला होता; नव्या पेपरला आल्या आल्या एवढी मोठी बातमी मिळाली. बर्डीवर पेढे वाटले, आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. ती आली नव्हती. कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

जानेवारीत त्याचं पत्र आलं. वऱ्हांड्यात तिनं ते मला वाचायला दिलं. पाचच ओळी. मी ठीक आहे, आईच्या गुडघ्याचं काय, तुझी परीक्षा कधी. युद्धाचा शब्द नाही. मी परत दिलं, तर तिनं पुन्हा माझ्या हातात ठेवलं, 'मोठ्यानं वाच.'

काल तिला फोन केला. 'बातम्या पाहतेस ना?' म्हटलं, तर म्हणाली, 'टीव्ही मी बुधवारपासून लावलाच नाही.'

तुझी आई

ता. क. काचांवरचे कागद आता ओल्या फडक्यानं लगेच काढा. आमची खळ वाळून बसली होती; मामा वर्षभर ब्लेडनं खरवडत होते.