मा. आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : आधी मुलाच्या मापाचा रक्तदाब मोजायचा कफ द्या

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

एडीएचडीची (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा या विकाराची) औषधे घेणाऱ्या प्रत्येक मुलाची नाडी आणि रक्तदाब नोंदवणे बंधनकारक करू, असा शब्द तुम्ही दिला होता. परिपत्रकात मात्र ‘आवश्यकतेनुसार तपासावे’ एवढेच उरले. आवश्यकता कोण ठरवणार हे लिहायला बहुधा शाई संपली.

मिथिलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामाइन या उत्तेजक औषधांनी नाडी मिनिटाला 3 ते 6 ठोक्यांनी आणि रक्तदाब 2 ते 4 मिमी पाऱ्याने वाढतो. ही झाली सरासरी! काही मुलांत वाढ बरीच मोठी असते आणि ती मोजल्याशिवाय कळत नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचेच दुसरे औषध ‘उत्तेजक नाही’ म्हणून बिनधास्त लिहून देतात. तेही दोन्ही वाढवते, जोडीला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध असेल तर अ‍ॅटोमॉक्सेटिनची रक्तातली पातळी आणखी चढते. एडीएचडीसाठीच दिली जाणारी क्लोनिडिन, ग्वानफेसिन रक्तदाब उतरवतात, पण एकाएकी थांबवली की तो उसळी मारतो. म्हणजे औषधाचा साठा संपणे हाही धोकाच. पुरवठा विभागाला जमल्यास कळवा.

मोजायचे औषधाआधी, प्रत्येक डोसबदलानंतर आणि पुढे दर सहा महिन्यांनी. मूल 5 मिनिटे शांत बसलेले हवे. कफची, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची, फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या किमान 80 टक्के लांब हवी. तोकड्या कफने आकडा खोटा चढतो. गोळीचा अंमल असताना मोजा, उतरल्यावर मोजून काय उपयोग? विश्रांतीतली नाडी 120 च्या वर, ठोके अनियमित किंवा वरचा रक्तदाब दोनदा 95व्या पर्सेंटाइलपुढे (त्याच वयाच्या, उंचीच्या शंभरातल्या 95 मुलांपेक्षा जास्त) गेला, तर डोस कमी करून हृदयतज्ज्ञांकडे पाठवा. धावताना शुद्ध हरपली का, घरात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेले का, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. हे विचारायचे सोडून तुम्ही ईसीजी यंत्रांच्या फिती कापता! ईसीजी सरसकट नको. या प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर आल्यावर किंवा मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आल्यावर हवा.

2011 च्या अमेरिकी अभ्यासात बारा लाख मुला-तरुणांत गंभीर हृदयघटना वाढल्या नाहीत, हे अधिकारी ऐकवतात. खरे आहे. मग 2023 चा स्वीडिश अभ्यासही वाचावा : औषधाची वर्षे वाढतात तसा उच्च रक्तदाब आणि धमनीविकार अधिक आढळतो. म्हणून कोणी घाबरून गोळी बंद करू नये, पण मोजणार कोण? मनोविकारतज्ज्ञ म्हणतात बालरोगतज्ज्ञ, ते म्हणतात शाळेची परिचारिका. चिठ्ठी मात्र वर्षानुवर्षे न मोजताच पुढे चालू. जबाबदारी टोलवण्यात तुमची सगळीच यंत्रणा तरबेज आहे, आणि रात्री मुलाची नाडी चाचपत बसायचे ते आम्ही पालकांनी.

कफचे तीन आकार आणि केसपेपरवर दोन रकाने हवे आहेत. तेवढ्यासाठी समिती नेमू नका.

एक पालक