ऑफिसच्या ग्रुपवर गिफ टाकताय? आधी बारीक करा

मा. संपादक,

विषय तसा छोटा वाटेल पण घरून, त्यातही गावाकडून मोबाइल डेटावर ऑफिसचं काम करणारी माणसं आता सगळीकडे आहेत म्हणून लिहितेय. ऑफिसच्या चॅटवर ज्या गिफ, म्हणजे आपोआप हलणारी छोटी चित्रं, टाकल्या जातात त्या लहान करून टाकायची सवय आपल्याकडे नाहीच, आणि ती लागायला हवी असं मला मनापासून वाटतं.

वाढदिवसाच्या नाचणाऱ्या केकबद्दल माझी तक्रार नाही, मी कामाच्या गिफबद्दल बोलतेय. सॉफ्टवेअरमध्ये काय बिघडलंय ते दाखवायला लोक दहा सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून गिफ टाकतात, आणि ते चांगलंच आहे, दोन परिच्छेद वाचण्यापेक्षा पटकन कळतं. पण ती जशी रेकॉर्ड झाली तशीच, अख्खी स्क्रीन, २५ एमबीची, थेट ग्रुपवर. ग्रुपमध्ये ४० जण असतील तर त्या एका गिफपायी सगळ्यांचा मिळून १ जीबी डेटा गेला की. आमच्या टीममधली एक मुलगी चिपळूणहून काम करते, पावसात लाइट गेली की ब्रॉडबँड बंद आणि मग मोबाइलचा हॉटस्पॉट, रेंजची एखादी काडी. तिच्या स्क्रीनवर नुसता करडा चौकोन असतो आणि त्याखाली बाकीच्यांचे 'बघितलंस का', 'काय वाटतं' असे मेसेज येत राहतात, आणि तिलाच वाटत राहतं की आपण मागे पडतोय.

मुळात गिफ आहे १९८७ ची, अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीने काढलेली. एका फ्रेममध्ये, म्हणजे हलत्या चित्रातल्या एकेका स्थिर चित्रात, जास्तीत जास्त २५६ रंग, आणि एकाच रंगाचे पिक्सेल ओळीने आले तर ते छान दाबले जातात, मधे बारीक ठिपके आले की फाइल फुगते. शिवाय व्हिडिओत कसं, 'हा भाग इतका वर सरकला' एवढं साठवून भागतं, तशी सोय गिफमध्ये नाही, जेवढा तुकडा बदलला तेवढा परत नव्याने साठवावा लागतो. म्हणून रेकॉर्डिंग करताना उगाच पान वरखाली स्क्रोल करू नका, प्रत्येक वेळी जवळपास अख्खी फ्रेम बदलते आणि फाइल तिथेच फुगते.

मग गिफ लहान करायची कशी? आधी कातरा. बटण जिथे अडतंय तेवढाच चौकोन ठेवा, सुरुवातीचे माउस शोधण्यातले दोन सेकंद उडवा. मग रुंदी कमी करा, ८०० बाय ६०० चं ४०० बाय ३०० केलं की पिक्सेल थेट चौथाईवर येतात, फक्त अक्षरं वाचता येतायत ना ते बघा, नाहीतर सगळं फुकट. सेकंदाला ३० फ्रेम कशाला हव्यात, स्क्रीन दाखवायला १० पुरतात. रंग ६४ वर आणा, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढरा, करडा, निळा याशिवाय असतं काय, आणि डिदरिंग, म्हणजे ठिपके मिसळून जास्त रंगांचा भास करणं, बंद ठेवा कारण ते नेमके तेच बारीक ठिपके पेरतं. गिफसिकल नावाचा फुकट प्रोग्रॅम हे सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर करतो, कमांड टाइप करायची असते म्हणून लोक बिचकतात पण एकदा कुणाकडून लिहून घेतली की रोज तीच चालते. स्लॅक या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर स्वतःची हलती इमोजी टाकायची तर ती १२८ केबीच्या आत ठेवायला सांगतात, तिथे मात्र फ्रेम उडवल्याशिवाय जमत नाही.

आपल्याच कॉम्प्युटरवर असं मुद्दाम म्हटलं. इंटरनेटवर गिफ लहान करून देणाऱ्या खूप साइट आहेत पण तिथे फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते, आणि आपल्या रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकाचं नाव, फोन नंबर, खात्यातली रक्कम सगळं दिसत असतं. हे लोकांच्या लक्षातच येत नाही आणि मला याची खरंच भीती वाटते.

लांबलचक रेकॉर्डिंग असेल तर गिफचा हट्ट सोडा, एमपी४ व्हिडिओ करून टाका, तेच दृश्य कितीतरी कमी जागेत मावतं आणि थांबवून, मागे नेऊनही बघता येतं. आणि झपाझप उघडमीट करणारं चित्र कृपा करून टाकूच नका, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट झाला तर काही जणांना फिट येऊ शकते, वेबसाइटसाठीचे जागतिक नियमही हीच मर्यादा सांगतात.

आयटी विभागांना विनंती की नव्या माणसाला लॅपटॉप देतानाच त्यात असा एखादा प्रोग्रॅम टाकून द्या आणि पाच मिनिटं बसून दाखवा. आणि संपादकसाहेब, तुमच्या पेपरात मोबाइल कुठला घ्यावा हे नेहमी येतं, कधीतरी हेही चित्रांसकट छापा, आम्ही कात्रण ऑफिसच्या बोर्डावर लावू.

आपली,
एक वाचक, पुणे