स्क्रीनवरचा आकडा मगचा नसतो

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. मग-प्रेसने, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने मगवर उतरवणाऱ्या मशीनने, काढलेलं तुझं चित्र मधे ठसठशीत, वरच्या काठाला उडालेलं, मगच्या कानाजवळ पुसट आणि काळा रंग चॉकलेटी. मशीन बदलायचा विचार जरा बाजूला ठेव. (या पत्रात ‘मग’ म्हणजे पिण्याचाच मग, ‘नंतर’वाला मग मुद्दाम टाळलाय, नाहीतर तुझा गोंधळ उडायचा.)

काठ फिके आले म्हणून तू तापमान वाढवत गेलास, हे फोटोतच दिसतंय. मधला भाग करपलाय, कडा कच्च्या राहिल्यात. काळा तपकिरी होणं आणि रेषांभोवती धूसर झालर येणं ही जास्त भाजल्याची खूण. सगळाच रंग मरगळलेला असेल तर कमी भाजल्याची. एकाच मगवर दोन्ही दिसलं, की तो तापमानाचा प्रश्न नसतो, उष्णता सारखी पोचत नसते.

मशीनमधला हीटर म्हणजे मगला वेढणारा सिलिकॉनचा पट्टा, आत तापणारी तार. सेन्सरही त्यातच. स्क्रीनवर दिसतं ते पट्ट्याचं तापमान, मगचं नव्हे. गार मग आत गेला की तो उष्णता ओढतो आणि आकडा झरकन खाली येतो. काही मशीनचा टायमर झाकल्या क्षणी सुरू होतो, काहींचा आकडा परत वर चढल्यावर. तुझं कुठल्या जातीचं आहे ते आधी बघ, कारण ‘१८० अंश, १८० सेकंद’ याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा निघतो. दुसऱ्याने सांगितलेली सेटिंग तुला लागू पडत नाही ती यामुळेच.

पट्टा मधे जास्त तापतो, कडांना कमी. स्वस्त मशीनमध्ये हा फरक ठळक असतो. त्याचा नकाशा काढून घे. २०० × ९० मिमीची एकसारखी मध्यम करडी पट्टी कागदावर छाप आणि एखाद्या टाकाऊ कोटेड (शाई धरणारा थर असलेल्या) मगवर दाब. काळी घेऊ नकोस, तिच्यात बारीक फरक लपतात. करड्यात फिकट जागा लगेच कळते, आणि रंग निळा-हिरव्याकडे झुकतोय की तपकिरीकडे, तेही. फिकट कडा मोजून चित्र तेवढं आत घे. नेहमीचा ११ औंसाचा मग साधारण ९५ मिमी उंच आणि ८२ मिमी व्यासाचा, म्हणजे घेर २५८ मिमीच्या आसपास. पट्टा कानाच्या दोन्ही बाजूंना पुरता पोचत नाही, तेव्हा २०० मिमीपेक्षा रुंद चित्राचा हट्ट सोड. वर-खाली निदान ५ मिमी मोकळं ठेव. तळाशी मग आत वळतो, तिथे पट्टा टेकतच नाही.

आता दाब. मशीन बंद, गार. मग आणि पट्ट्यामध्ये साध्या कागदाच्या चार पट्ट्या घाल: वर, खाली आणि कानाच्या दोन्ही बाजूंना. लिव्हर लावून एकेक ओढून बघ. जी अलगद निसटते तिथे दाब नाही. दाबाचा स्क्रू पाव फेरा फिरव, पुन्हा बघ. लिव्हर लावताना हाताला जोर जाणवायला हवा, पण अंगाचा भार टाकावा लागत असेल तर तो जास्त झाला. त्याने कागदाला चुण्या पडतात, पट्टा लवकर फाटतो आणि मग कानाच्या मुळाशी तडकू शकतो. तुझ्या कानाजवळच्या पुसटपणाचं कारण बहुधा इथेच सापडेल.

छपाईचं थोडक्यात. चित्र आरशातल्यासारखं उलटं, सब्लिमेशन कागदाच्या (उष्णतेने वायू होणाऱ्या शाईसाठीच्या खास कागदाच्या) कोटेड बाजूवर. कागदावर रंग मळकट दिसतात, ते बघून सॉफ्टवेअरमध्ये भडक करू नकोस. शाई उष्णतेने वायू होऊन कोटिंगमध्ये शिरली की खुलते. शाईच्या प्रोफाइलने (त्या शाईचे रंग जुळवणाऱ्या फाइलने) रंग सांभाळत असशील तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद ठेव, दोघांनी मिळून केलेली दुरुस्ती म्हणजे बिघाड.

दमट हवेत कागद ओल धरतो. तापल्यावर तिची वाफ होते आणि रंगात ढगाळ डाग पडतात. छापलेला कागद दहा मिनिटं वाळू दे आणि उरलेला गठ्ठा हवाबंद पिशवीत ठेव. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूस. एखादा धागा राहिला तर तिथे निळा ठिपका उमटतो, आणि तो कायमचा.

कागद गुंडाळताना ढिला नको. आधी एक टोक हीट टेपने चिकटव, अंगठ्याने दाबत हवा काढत फीर, दुसरं टोक ताणून चिकटव. टेप चित्रावर येऊ देऊ नकोस, तिची खूण उमटते. वरून कोटिंग नसलेल्या बटर पेपरचा एक वेढा, दर वेळी नवा. नाहीतर शाई पट्ट्यावर बसते आणि पुढच्या मगवर आधीच्या चित्राची सावली येते. काढताना हातमोजे घालून मग सरळ उचल आणि कागद गरम असतानाच एका ओढीत सोडव. कागद हलला तर दुहेरी चित्र, तसाच राहू दिला तर रेषा पसरट. गरम मग थंड पाण्यात बुडवू नकोस, तडकेल. पंख्यासमोर ठेवला की पुरे.

मशीन तापवताना आत एक टाकाऊ मग असू दे, रिकामा पट्टा तापत ठेवला की त्याचं आयुष्य घटतं. शिवाय गार पट्ट्यावरचा पहिला मग आणि तापलेल्यावरचा चौथा सारखे येत नाहीत, ही तक्रारही त्याने बरीच कमी होते.

आता चाचणी. तापमान १८० वर कायम ठेव. १५०, १८०, २१० सेकंद असे तीन मग काढ आणि तळाला मार्करने लिहून ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदल. कडा थोड्या कच्च्या वाटल्या तर आधी वेळ वाढव, अंश नको: वेळ मिळाला की मगच्या मातीत उष्णता पसरते, अंश वाढवले की मधला भाग आधी करपतो. आणि तीनही मग सारखेच फिके आले तर कोटिंगवर संशय घे. दुसऱ्या लॉटचा एक मग लावून बघ, त्याआधी स्क्रूला हात लावू नकोस.

करड्या पट्टीचा फोटो पाठव, उजेडात काढलेला, कानाच्या दोन्ही बाजू दिसतील असा. आणि टायमर कधी सुरू होतो ते लिही, त्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

तुझाच,
मित्र