आधी झऱ्यांचा नकाशा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात औंध-बाणेरचा काठ बांधण्याआधी तिथल्या झऱ्यांची नोंद व्हावी, यासाठी हे पत्र. भुकूमच्या बाजूने येणारी रामनदी औंध-बाणेरपाशी मुळेला मिळते. ‘जीवितनदी’ संस्थेने पुणेकरांना नदीकाठाचे जे टप्पे दत्तक घ्यायला लावले, त्यांतला हा एक. रविवारी सकाळी आम्ही काही रहिवासी तिथे जमतो, झाडांना गुंडाळलेले प्लॅस्टिक सोडवतो, काठ झाडतो. मी शाळेत भूगोल शिकवत असे. त्यामुळे माझी नजर कचऱ्यापेक्षा आधी काठातून पाझरणाऱ्या पाण्याकडे जाते.

या काठावर जिवंत झरे आहेत. आपला काळा बेसॉल्ट खडक थराथरांचा. पावसाचे पाणी वरच्या भेगाळलेल्या खडकातून खाली उतरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि आडवे सरकत काठाशी बाहेर पडते. पुस्तकात आकृती काढून जे समजत नाही, ते इथे मुलांना ओल्या दगडावर हात ठेवून समजते. मे महिन्यात मुळेच्या पाण्याजवळ उभे राहवत नाही, आणि पाच पावलांवर झऱ्याचे पाणी स्वच्छ वाहत असते. वाळुंज, करंज, उंबर ही जुनी झाडे त्याच ओलाव्यावर उभी आहेत.

नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा आहे. त्यात काठावर भराव येतो, बांध येतो. भरावाखाली झऱ्याचे तोंड गेले तर ते पाणी कुठे जाणार? तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावता येतील, पण झरा उचलून नेता येत नाही. वाळुंज तर पाण्यालगतच वाढते. ती टेकडीवर लावून काय साधणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये याच झाडांसाठी पुणेकर इथे रस्त्यावर उतरले होते. ती माणसे विकासाच्या आड येणारी नव्हती. त्यांतल्या कितीतरी जणांच्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच आला. त्याआधी जुलै २०२४ मध्ये एकता नगरीत मुठेचे पाणी घरांत शिरले. एवढे सोसलेल्या शहराने नदीचे पात्र आवळायला घ्यावे, हे मला पटत नाही. जपानच्या कर्जातून ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभारायची योजना २०१६ पासूनची आहे, क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. ती सगळी पूर्ण ताकदीने चालोत, मैलापाणी नदीत यायचे थांबो. काठ बांधायचा विचार त्यानंतर करावा.

माझी मागणी मोठी नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. तिच्या तज्ज्ञांनी ऐन मे महिन्यात औंध-बाणेरचा काठ पायी चालून प्रत्येक झऱ्याची नोंद करावी, पाणी तपासावे. तो नकाशा नागरिकांसमोर ठेवावा. बांधाची रेषा त्यानंतरच आखावी, आणि जिथे झरा आहे तिथे ती मागे सरकवावी. या नोंदींच्या कामी आम्ही रविवारचे लोक हवे तितके दिवस बरोबर चालायला तयार आहोत.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
औंध, पुणे