दत्त्या, कातरी घेऊन ये

अंबाजोगाई, सोमवार, रात्री

दत्त्या,

दीड वर्षात ना फोन ना पत्र, अन् आता एकदम हे बघून वाटेल, बाळ्या उधारी मागायला आला. तसं नाही. (जर्मन कातरी अजून तुझ्याकडंच आहे, ते वेगळं.)

परवा पाय धुताना डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला हात लागला. कातडी काळपट, वहाणेच्या तळासारखी कडक. अण्णांना तिथंच सुरू झालं होतं ना? आपण हळद लावून चिंध्या बांधायचो, तू नाकाला रुमाल बांधून. ती जखम शेवटपर्यंत भरली नाही. घरात कुणाला बोललो नाही, म्हणून तुला लिहितोय.

लातूरला जाऊन आलो. उभं करून डॉपलर केलं, म्हणजे नसेतलं रक्त कुठं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी. नसेतल्या झडपा गेल्यात, वर चढणारं रक्त खाली उतरतंय. खुर्चीमागं तीस वर्षं उभा राहिलो, त्याचा हा पगार. एक डॉक्टर म्हणतात, कमरेत इंजेक्शन देऊन, जांघेत कापून नस ओढून काढू. दुसरे म्हणतात, कापायचं कशाला? गुडघ्यापाशी सुईच्या भोकातून लेझरची तार घालून नस आतूनच भाजून बंद करू. नसेच्या कडेनं तेवढी भूल, अन् त्याच दिवशी चालत घरी. बारक्या वाकड्या नसांना फेसाचं इंजेक्शन. दोन सिरिंजांत औषध अन् हवा इकडून तिकडं ढकलून फेस काढतात म्हणे! आपला दाढीचा ब्रश लाजेल.

मी विचारलं, बंद केल्यावर रक्त जाणार कुठून? तर म्हणाले, हमरस्ता खोल आहे अन् तुमचा मोकळा आहे. ही नुसती गल्ली. पटलं. पण रात्री दोनला वेगळंच सुचतं. आपल्या शेटजींच्या बायपासला पायाचीच नस लावली होती. उद्या माझं काळीज बिघडलं तर? डॉक्टर हसले. अशी फुगून लोंबलेली नस तिथं कोण लावतंय, म्हणाले. अन् हेही म्हणाले की, असंच उभं राहाल तर दुसऱ्या नसा फुगतील. मग मी काय बसून दाढ्या करू?

सध्या घट्ट मोजे दिलेत. चढवायला पोराचे दोन्ही हात अन् माझ्या शिव्या लागतात.

आईचे गुडघे तसेच. वहिनींची शुगर कशी आहे? पिंकीचं कुठं जमलं का?

लेझरच करायचं ठरवतोय. पैसे जास्त, पण आठवडाभर खाटेवर पडणं मला झेपायचं नाही. तरी दोन-तीन दिवस दुकान बंद राहील, अन् समोर नवीन ए.सी. सलून उघडलंय. तू 'परत या खुर्चीला हात लावणार नाही' म्हणाला होतास, माहीत आहे. तोंड मीच आधी टाकलं होतं. पण येशील का? गिऱ्हाईक अजून तुला विचारतात.

तुझा,
बाळ्या